नाला खाडीला मिळतो तेथे: पावसाळी नाल्यांच्या पर्यावरण परवानग्या समजून घेताना

जुलै महिन्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की ठाणे आणि नवी मुंबईच्या सखल भागांत पाणी रस्त्यावर वरून कमी आणि गटाराच्या झाकणांतून अधिक येऊ लागते. अशा वेळी खाडीची पातळी नाल्याच्या मुखापेक्षा वर चढलेली असते आणि डोंगराकडून आलेल्या पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही. पाणी ओसरल्यावर रहिवासी मागणी करतात की नाला रुंद करा, खोल करा, काठाने भिंत बांधा. ही मागणी रास्त असते. त्यानंतर काही महिन्यांनी बातमी येते की पर्यावरणविषयक परवानगी न मिळाल्याने काम थांबले आहे. मग चर्चेला एकच वळण लागते: माणसे महत्त्वाची की झाडे?

मी अनेक वर्षे अशा कामांचे प्रस्ताव तयार करण्यात घालवली आहेत आणि माझे स्पष्ट मत असे आहे की हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. पावसाळी नाल्यावर आपल्या कायद्यांनी सरसकट बंदी घातलेली नाही. परवानगी लागते ती नाला ज्या जमिनीतून जातो तिच्यासाठी, ज्या रेषा तो ओलांडतो त्यांच्यासाठी आणि ज्या पाण्यात तो रिकामा होतो त्या पाण्यासाठी. एकच नाला अर्ध्या तासाच्या पायपिटीत चार-पाच वेगवेगळ्या कायद्यांच्या हद्दीतून जातो. हे आखणी ठरण्याआधी लक्षात घेतले तर बहुतेक कामे मार्गी लागतात. निविदा निघाल्यानंतर लक्षात आले तर दोन-तीन पावसाळे वाया जातात. म्हणून पारसिक डोंगरातून निघून ठाणे खाडीला मिळणारा एक नाला उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणू आणि त्याच्या काठाने चालत जाऊ.

त्याआधी ही जमीन कशी आहे, ते सांगणे आवश्यक आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबईच्या उभारणीला सुरुवात झाली, तेव्हा खाडीकाठचा बराच भाग खाजणाचा (खाऱ्या पाण्याच्या दलदलीचा), भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. आगरी-कोळी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्याला मातीच्या बांधांनी थोपवले होते आणि त्या बांधांत उघाडी ठेवल्या होत्या. भरतीच्या वेळी उघाडी मिटत असे, ओहोटीला उघडत असे आणि आतले गोडे पाणी खाडीत जात असे. नव्या शहराने हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. नाल्यांच्या शेवटी पावसाचे पाणी तात्पुरते साठवणारे धारण तलाव खोदले आणि त्यांच्या मुखावर एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवल्या. या झडपांना सर्वजण फ्लॅप गेट म्हणतात.

धारण तलाव किती पाणी पेलतो, याचा हिशेब साधा आहे. १० हेक्टरच्या एका सेक्टरवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या तासात ५,००० घनमीटर पाणी येते. त्यातील एक पंचमांश भाग जमिनीत किंवा खड्ड्याखळग्यांत राहिला असे धरले, तरी ४,००० घनमीटर पाणी नाल्यात उतरते. भरतीमुळे झडप तीन तास मिटून राहिली तर १२,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी २० लाख लिटर पाणी कोठेतरी साठवावे लागेल. तलाव एक हेक्टरचा असेल तर त्याची पातळी १.२ मीटरने वाढेल. तेवढी जागा तलावात शिल्लक नसेल, तर ते पाणी लोकांच्या तळमजल्यांत शिरेल. म्हणून नाला रुंद केल्याने पूर थांबेलच असे नाही. मुखाशी खाडी उभी असताना रुंद नाल्याने पाणी फक्त अधिक वेगाने मुखाशी येऊन थांबते. खरी अडचण मुखाशी आहे आणि परवानग्यांचा गुंताही तेथेच आहे.

डोंगरापासून रुळांपर्यंत

आपल्या नाल्याचा उगम डोंगरउतारावर आहे. येथे पहिला प्रश्न जमीन वन विभागाची आहे का, हा असतो. सातबाऱ्यावर किंवा वन विभागाच्या अभिलेखात ती राखीव अथवा संरक्षित वन असेल, तर साधा बंधारा किंवा काँक्रीटची वाहिनी बांधण्यासाठीही १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्र शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ठाण्याच्या बाजूला, घोडबंदर रस्त्याकडे उतरणारे अनेक नाले येऊरच्या डोंगरातून येतात. तेथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि उद्यानाभोवती २०१६ साली अधिसूचित झालेले पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही आहे. त्यामुळे त्या बाजूच्या प्रस्तावात उद्यानाच्या हद्दीपासूनचे अंतर पहिल्याच पानावर नोंदवावे लागते.

नदीकाठच्या कामांत आणखी दोन रेषा येतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती निळी पूररेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दाखवते ती लाल. जलसंपदा विभागाने आखलेल्या या रेषा उल्हास नदीच्या काठी फार महत्त्वाच्या ठरतात. पारसिकच्या छोट्या नाल्यांवर त्या सहसा आखलेल्या नसतात, आणि माझ्या मते तेथेच जास्त काळजी घ्यायला हवी, कारण रेषा नाही म्हणून पूरही नाही असा समज होतो आणि नाल्याच्या पात्रावर बांधकामे चढतात.

पुढे नाला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातून जातो. येथे १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा लागू होतो. पावसाळी नाला फक्त पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी असतो आणि त्यात सांडपाणी किंवा कारखान्याचे पाणी सोडणे बेकायदा आहे. नवीन सांडपाणी बाहेर सोडण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्यामुळे नाल्याच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव येतो तेव्हा मंडळाचा पहिला प्रश्न हाच असतो की कोरड्या दिवसांत या नाल्यात जे पाणी वाहते, ते कोणाचे आहे. मे महिन्यात वाहणारा नाला हा पावसाळी नाला नाही. हे उत्तर अस्वस्थ करणारे असते, म्हणून पुष्कळ प्रस्ताव कोरड्या हवामानातील प्रवाहाचा उल्लेखच टाळतात आणि पुढे त्याच कारणावर अडकतात. मे महिन्यात दोन ठिकाणी पाण्याचे नमुने घेऊन, कोणत्या आउटलेटमधून काय येते, याचा नकाशा जोडला तर वेळही वाचतो आणि खाडीही.

महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडताना त्या-त्या यंत्रणेचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. मोऱ्यांची रुंदी आणि तळाची पातळी जुळवावी लागते. यात पर्यावरणाचा प्रश्न नाही, पण वेळ मात्र बराच जातो.

रेषा कोठे आहे

रेल्वेमार्ग ओलांडून नाला खाडीकडे वळला की पाण्याची चव बदलू लागते, आणि आपल्या कायद्यातील सर्वांत बारीक विचार या ठिकाणी आहे. किनारा नियमन क्षेत्र, ज्याला आपण सर्रास सीआरझेड म्हणतो, ते फक्त समुद्रकिनाऱ्याला लागू नसून भरतीचा प्रभाव जेथवर पोहोचतो त्या खाडी, नदी आणि नाल्याच्या काठांनाही लागू आहे. हा प्रभाव कोठे संपतो, हे पाण्याच्या खारटपणावरून ठरते. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजार भागांत पाच भाग असते, तेथपर्यंत भरतीचा प्रभाव मानला जातो. सर्वांत कोरडा काळ निवडण्यामागे कारण आहे. त्या वेळी वरून गोडे पाणी येत नाही, त्यामुळे खारे पाणी सर्वांत दूरवर आत शिरते.

दुसरी रेषा भरतीची. उधाणाच्या वेळी पाणी जमिनीवर जेथवर चढते, ती उच्चतम भरती रेषा. चेन्नई येथील राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली रेषा अधिकृत धरली जाते. २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी या रेषेपासून जमिनीकडे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल, तेवढा पट्टा नियमनाखाली येतो. २०११ च्या अधिसूचनेत हे अंतर १०० मीटर होते. कोणती अधिसूचना लागू होते, हे त्या जिल्ह्याचा कोणता किनारा व्यवस्थापन आराखडा मंजूर झालेला आहे, यावर अवलंबून असते. त्यामुळे प्रस्तावाच्या सुरुवातीलाच कोणत्या मंजूर आराखड्याच्या आधारे नकाशा काढला आहे, हे लिहिणे आवश्यक आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका नाल्याच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव पाठवला होता. सर्वेक्षण उत्तम झाले होते, पातळ्या सेंटिमीटरपर्यंत बरोबर होत्या. पण भरती रेषा आमच्या सर्वेक्षकाने आदल्या प्रकल्पाच्या नकाशावरून उतरवून घेतली होती. छाननीत ते लक्षात आले आणि प्रस्ताव परत आला. अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणावरचा नवा नकाशा करून घेईपर्यंत ऑक्टोबर उलटून गेला. खाडीकाठची कामे ऑक्टोबर ते मे या काळातच होतात, त्यामुळे त्या वस्तीने आणखी एक पावसाळा गुडघाभर पाण्यात काढला. त्या चुकीची बोचणी मला आजही आहे.

रेषा ठरल्यावर वर्ग ठरतो. कांदळवने (खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडी), चिखलाची जैविकदृष्ट्या सक्रिय मैदाने, खारट दलदली आणि पक्ष्यांची घरटी असलेल्या जागा हा सर्वांत संवेदनशील, पहिल्या वर्गाचा ‘अ’ भाग असतो. उच्चतम आणि निम्नतम भरती रेषांच्या मधली, दिवसातून दोनदा भिजणारी आणि उघडी पडणारी जमीन हा ‘ब’ भाग. दुसरा वर्ग आधीच विकसित झालेल्या नागरी भागाचा, तिसरा ग्रामीण भागाचा आणि चौथा प्रत्यक्ष पाण्याचा आहे. ठाणे-नवी मुंबईतील नाल्याचे मुख बहुधा पहिल्या वर्गात उघडते आणि त्याचे पाणी चौथ्या वर्गात पडते.

येथे एक महत्त्वाची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. किनारा अधिसूचनेने भराव, बांध आणि समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवणे यांवर बंदी घातली, पण त्या बंदीला जे अपवाद ठेवले, त्यांत पावसाळी नाले आणि भरती नियंत्रित करणाऱ्या रचना स्पष्टपणे नमूद आहेत. तसेच कांदळवनाभोवतीच्या राखीव पट्ट्यात सार्वजनिक सुविधांसाठी वाहिन्या टाकण्यास वाव ठेवलेला आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना शहरातले पाणी खाडीत जाणे गरजेचे आहे, याची पूर्ण जाण होती. मात्र अपवाद असला तरी परवानगी लागतेच. प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. हे प्राधिकरण छाननी करून शिफारस करते आणि अंतिम मंजुरी प्रकल्पाच्या वर्गानुसार राज्य किंवा केंद्र पातळीवर होते. त्याच्या बैठकांची इतिवृत्ते प्रसिद्ध होतात. आपल्या भागातील नाल्याविषयी कोणती अट घातली गेली, हे कोणीही नागरिक त्यातून वाचू शकतो, आणि माझी कळकळीची विनंती आहे की नागरिकांनी ती वाचावीत.

तिवरांची मुळे

नाला पुढे गेला की तिवरांची रांग लागते. ठाणे खाडीच्या कांदळवनांत तिवर या झाडाचेच प्रमाण अधिक आहे. त्याची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाड या मुळांतून श्वास घेते. आता नाल्याचे मुख या रांगेत उघडले, तर काय होते ते पाहू. पूर्वी पाणी रुंद मातीच्या पात्रातून पसरत येत असे. काँक्रीटच्या वाहिनीतून ते एकाच जागी, वेगाने येते. समोरचा चिखल खरवडला जातो, तो बाजूला साचतो आणि श्वसनमुळे झाकली जातात. झाड तोडले जात नाही, पण दोन-तीन वर्षांत वाळते. म्हणून प्रस्तावात किती झाडे तोडणार, एवढेच सांगून भागत नाही. मुखाशी पाण्याचा वेग किती असेल आणि तो कमी करण्यासाठी पायऱ्या, दगडी तळ किंवा पसरट मुख ठेवले आहे का, हेही सांगावे लागते.

कायद्याच्या दृष्टीने कांदळवनाला तीन पदरी संरक्षण आहे. पहिला पदर किनारा नियमनाचा, तो वर सांगितला. दुसरा मुंबई उच्च न्यायालयाचा. न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीवर अंतरिम बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ रोजी अंतिम निकाल दिला. त्यानुसार कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांना बाधा आणणारा आहे, कांदळवनांभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा राखावा आणि सार्वजनिक हितासाठीच, तेही आवश्यकता पटल्यावरच, तोडीला परवानगी मिळू शकते. यासाठी प्रकल्प यंत्रणेला न्यायालयासमोर जावे लागते. तिसरा पदर वन विभागाचा. शासकीय जमिनींवरील कांदळवने राखीव वने म्हणून अधिसूचित होत गेली आहेत आणि २०१२ पासून राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष त्यांची देखभाल पाहतो. त्यामुळे डोंगरावर जो वन कायदा लागला होता, तोच खाडीकाठी पुन्हा लागतो. आधी तत्त्वतः मान्यता, मग अटींची पूर्तता, मग अंतिम मान्यता, असे त्याचे टप्पे आहेत.

हे ऐकून अनेक अभियंते निराश होतात. मी त्यांना एक उदाहरण सांगतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या कामासाठी आधी कांदळवनाची पन्नास हजारांच्या आसपास झाडे तोडण्याचा अंदाज होता. आखणीत बदल करून तो सुमारे २० हजारांवर आणला गेला आणि डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. नाल्याच्या कामाला हेच सूत्र अधिक सहज लागू होते, कारण नाल्याचे मुख वीस-तीस मीटर सरकवणे रेल्वे स्थानक सरकवण्यापेक्षा फार सोपे असते. माझ्या अनुभवात, प्रस्तावात मुखाच्या तीन जागा, प्रत्येक जागेवर बाधित होणारी झाडे, पाण्याचा वेग आणि खर्च असा तुलनात्मक तक्ता दिला, तर छाननी करणाऱ्यांचा विश्वास लवकर बसतो. ‘याशिवाय दुसरा पर्याय नाही’ असे एका वाक्यात लिहिले तर तो बसत नाही, आणि बसू नये.

अभयारण्य आणि पाणथळी

ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान खाडीचा भाग २०१५ पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १७ चौरस किलोमीटर आहे. २०२२ साली अभयारण्य आणि त्याभोवतीचे संवेदनशील क्षेत्र मिळून सुमारे ६५ चौरस किलोमीटर भागाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. आपल्या नाल्याचे पाणी या भागात जात असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्याचे २९ वे कलम वाचावेच लागते. अभयारण्यात येणारा किंवा तेथून बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणे, अडवणे किंवा वाढवणे यांना ते कलम परवानगीशिवाय मनाई करते. ‘वाढवणे’ हा शब्द नाल्यांच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. मुख अभयारण्याच्या हद्दीबाहेर असले, तरी दोन नाले जोडून त्यांचे पाणी एकाच ठिकाणी अभयारण्याकडे सोडणे, हा प्रवाहातला बदल ठरू शकतो. हद्दीबाहेर आहोत म्हणून प्रश्न सुटला, असे समजणे धोक्याचे आहे.

येथे कामाच्या वेळापत्रकाचीही अडचण आहे. कंत्राटदार ऑक्टोबर ते मे या काळात काम करतो आणि फ्लेमिंगोही साधारण त्याच काळात खाडीत असतात. पावसाळ्यात पक्षी बहुतांशी नसतात, पण तेव्हा कामही होत नाही. त्यामुळे मुखाचे काम ओहोटीच्या तासांत, लहान टप्प्यांत, मोठे आवाज आणि रात्रीचे प्रखर दिवे टाळून करावे, अशा अटी घातल्या जातात. अंदाजपत्रकात हा वाढीव वेळ आणि खर्च सुरुवातीपासून धरला नाही, तर कंत्राटदार अट मोडतो आणि दोष मात्र परवानगीला दिला जातो.

पाणथळ जागांबाबत सर्वांत जास्त गैरसमज आहेत. २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार अधिसूचित पाणथळीवर अतिक्रमण, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि मागील दहा वर्षांतील सरासरी उच्चतम पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम करणे निषिद्ध आहे. मात्र जी जागा आधीच वन, वन्यजीव किंवा किनारा नियमनाखाली येते, तिला हे नियम स्वतंत्रपणे लागू होत नाहीत. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की खाडीलगतच्या तळ्याला संरक्षणच नाही. वस्तुस्थिती उलट आहे: अशा तळ्याला दुसऱ्या कायद्याचे, बहुधा अधिक कडक, संरक्षण असते. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली देशातील २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या दोन लाखांहून अधिक पाणथळींना आधीच्या, २०१० च्या पाणथळ नियमांतील तत्त्वांनुसार संरक्षण द्यावे, असे निर्देश दिले आहेत. त्यामुळे एखादे तळे अधिसूचित नाही म्हणून ते भरावासाठी मोकळे आहे, असेही म्हणता येत नाही.

पाणथळीचे नुकसान नेहमी भरावानेच होते असे नाही. नेरुळच्या डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याचे मार्ग बंद झाले, तलाव कोरडा पडू लागला आणि २०२४ साली तेथे व आसपास फ्लेमिंगोंचे मृत्यू झाले. तलावावर कोणी इमारत बांधलेली नव्हती. पाण्याची ये-जा थांबली, एवढेच पुरेसे ठरले. नाल्याची आखणी करणाऱ्याने हे उदाहरण मनावर कोरून ठेवावे. आपण एखादा जुना ओढा नव्या वाहिनीत वळवतो, तेव्हा आधी त्या ओढ्यावर कोणते तळे जगत होते, हे विचारले पाहिजे.

बांधकाम क्षेत्रातील वाचकांसाठी येथे एक नोंद. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत ‘पावसाळी नाला’ अशी स्वतंत्र नोंद नाही. पण २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते आणि तीत त्या प्रकल्पाचे पावसाळी पाणी कोठे जाणार, हे तपासले जाते. शहराच्या नाल्याचा बोजा कमी करण्याची ती चांगली संधी आहे, कारण आवारातच पाणी मुरवले किंवा तासभर अडवले, तर नाल्याच्या मुखाशी येणारे पाणी भरतीच्या वेळी कमी होते.

बांधून झाल्यानंतर

परवानगी मिळाली, मुख बांधले, झडप बसली. आता त्याच धारण तलावाकडे परत येऊ, ज्याचा हिशेब आपण सुरुवातीला केला. भरतीबरोबर गाळ आणि तिवराच्या बिया आत येतात. झडप नीट मिटत नसेल, तर प्रत्येक भरतीला येतात. चिखल साचतो, रोपे उगवतात, आणि दहा-पंधरा वर्षांत तलावाचा काही भाग कांदळवन होतो. नवी मुंबईतील अनेक धारण तलावांत हेच झाले आणि गाळ काढणे हे नेहमीचे देखभालीचे काम न राहता परवानगीचा विषय बनले. रहिवाशांना वाटते की तलाव मानवनिर्मित आहे, त्यातील झाडे काढायला हरकत काय? न्यायालयाच्या निकालात मात्र कांदळवन मानवनिर्मित जागेत उगवले की नैसर्गिक जागेत, असा भेद करून सूट दिलेली नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मला सर्वांत कठीण वाटतो. तलावाची साठवण गेली तर वस्तीत पाणी शिरते. झाडे सरसकट काढली तर निकालाचा भंग होतो आणि खाडीचे नुकसान होते. व्यवहारात जे शक्य आहे ते असे: झाडे नसलेल्या भागातला गाळ आधी काढणे, झडपा दुरुस्त करून नवीन गाळ व बिया आत येणे कमी करणे, मोजमाप करून किती साठवण हरवली आहे हे आकड्यांत दाखवणे, आणि मगच उरलेल्या भागासाठी योग्य त्या परवानगीसाठी जाणे.

काढलेला गाळ कोठे टाकणार, हे अनेक प्रस्तावांत लिहिलेलेच नसते. ओला गाळ रात्री जवळच्याच खाजणात टाकला जातो आणि एका ठिकाणचा पूर कमी करताना दुसऱ्या ठिकाणची तिवरे गाडली जातात. असे दिसल्यास छायाचित्र, तारीख आणि नकाशावरचे ठिकाण यांसह तक्रार करता येते. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली कांदळवने आणि पाणथळींसाठी न्यायालयाच्या आदेशाने समित्या आहेत. मंजुरीलाच आव्हान द्यायचे असेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करावे लागते. योग्य कारण असल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत मुदत वाढू शकते. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. हे दिवस मंजुरीचा आदेश कळल्यापासून मोजले जातात, म्हणून इतिवृत्ते आणि आदेश वेळेवर पाहणे हेच मोठे काम आहे.

मी हल्ली नवा प्रस्ताव तपासताना शेवटचे पान आधी उघडतो. तेथे पुढील वीस वर्षांची देखभाल लिहिलेली असावी, अशी माझी अपेक्षा असते: झडपेची तपासणी दर किती भरतींनंतर होणार, एप्रिलमध्ये तलावाचा तळ कोण मोजणार, निघालेला गाळ कोणत्या जागी जाणार आणि त्या जागेची परवानगी कोणाकडे आहे. नाला बांधण्याची परवानगी पुढच्या वर्षीच्या गाळाला आपोआप लागू होत नाही. पहिल्याच अर्जात देखभालीचा हा भाग मागितला, तर परवानगीच्या अटींतच तो येतो आणि दर वर्षी मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, नव्याने अर्ज करत बसावे लागत नाही.